सरड्याचा उपास

आमच्या घराच्या मागच्या खोलीत चार हजारांच्या आसपास रातकिडे राहतात. आसपास म्हणते, कारण ते डोकी मोजून कळत नाही, वजनावरून काढावं लागतं. पूर्ण वाढलेले शंभर रातकिडे माझ्या काट्यावर पंचेचाळीस ग्रॅम भरतात. पाहुणे विचारतात, ह्या किरकिरीत तुम्हाला झोप कशी लागते? पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्यांना लागते तशीच.

धंदा असा आहे. अलिबागच्या बाजारात आमचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. मासे नवऱ्याकडे. माझ्याकडे किडे, दिवे आणि कॅल्शियमची पावडर. ही तिन्ही ज्याच्यासाठी लागतात तो प्राणी म्हणजे बेअर्डेड ड्रॅगन, इकडच्या लोकांच्या तोंडी दाढीवाला सरडा. शेपटीसकट हातभर लांब, अंगावर मऊ काटे, रागावला की हनुवटीखालचा भाग फुगवून काळा करतो. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला. तिथून तो माणसांच्या हौसेपायी आमच्या माडा-सुपारीच्या वाड्यांत आला, जिथे पावसाळ्यात माझं यंत्र हवेतली आर्द्रता नव्वदच्या खाली दाखवत नाही. हा प्राणी मी विकत नाही, कधी विकला नाही. फक्त आणलेल्याला जगवायचं सामान विकते. लोकांना हा फरक बारीक वाटतो. मला वाटत नाही.

गिऱ्हाईकं हरतऱ्हेची येतात. एक बाई कोणीतरी दाखवायला आणलेल्या सरड्याच्या पिंजऱ्यात बघत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घोरपडीसारखं याचं तेल निघतं का हो? गुडघ्याला?" मी म्हटलं, "बाई, याचेच गुडघे धड नाहीत." त्यांना तो विनोद वाटला. विनोद नव्हता. माझ्याकडे आलेल्या दर तीन सरड्यांतल्या एकाचं तरी हाड वाकलेलं असतं.

या प्राण्याचं बहुतेक आजारपण तीन गोष्टींत मावतं. पहिली ऊब. तो बसतो त्या दगडावर चाळीस अंश लागतात आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला सत्तावीस-अठ्ठावीस, म्हणजे त्याला हवं तेव्हा तापता येतं, हवं तेव्हा निवता येतं. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही, पोटातच कुजतं. नागावच्या एका बंगल्यातलं मुंबईचं जोडपं मला कौतुकाने सांगत होतं, "आमचा इतका शांत आहे, दिवसभर हलतसुद्धा नाही!" मी जाऊन पाहिलं. खोलीत एसी चालू, पेटीत बावीस अंश. तो शांत नव्हता, गारठला होता. त्यांनी मला चहा दिला, एसी काही बंद केला नाही. "आम्हाला उकडतं ना," म्हणाले.

दुसरी गोष्ट किरण. उन्हात डोळ्यांना न दिसणारे काही किरण असतात. ते कातडीवर पडले तरच अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. नाही लागलं तर शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. घराच्या भिंतीतले चिरे काढून चूल घालावी तसं. म्हणून खास ट्यूब लावायची आणि वर्षाच्या आत बदलायची, कारण उजेड टिकतो पण त्यातले किरण संपतात. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे आणि त्यावर इतक्यांदा एकच उत्तर ऐकलं आहे: "चालू आहे की अजून!"

आणि हे किरण काचेतून जात नाहीत. बोर्ली पंचतनचे मुश्ताकभाई आखातात क्रेन चालवून परतलेले. त्यांनी हौसेने सगळं महागाचं सामान बसवलं होतं. सरडा आणून माझ्या टेबलावर ठेवला, म्हणाले, "तिकडे अरब लोक याचा भाऊ धब, तो भाजून खातात वहिनी, आन मी इकडे याला हाताने भरवतोय. तरी खात नाय. काय रुसवा हाय कळत नाय." मी खालचा जबडा बोटाने दाबून पाहिला. रबरासारखा दबला. ट्यूब नवी, चांगली. मग मी त्यांना पेटीचा फोटो काढून पाठवायला सांगितलं आणि कळलं. आमच्याकडे खाऱ्या हवेने दिव्यांचे होल्डर खाल्ले जातात, म्हणून इकडचा प्रत्येक वायरमन दिवा लावला की त्यावर काचेचं झाकण बसवतो. अंगणात, ओटीवर, गोठ्यात. हाताला सवयच असते. त्याने सरड्याच्या ट्यूबलाही बसवलं होतं, चांगलं घट्ट, रबर लावून.

मी मुश्ताकभाईंना फोन करून ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वहिनी, मी याला नुसता उजेड दाखवला?"

तो वाचला. जबडा वाकडा राहिला तो राहिलाच. रातकिड्यांची पिशवी आजही बोर्लीच्या गाडीने जाते.

तिसरी गोष्ट खाणं. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. हवं उलटं, कॅल्शियम दुप्पट. म्हणून रातकिडे पिशवीत घालून पावडरीत घोळवायचे, मग द्यायचे. पाला म्हणाल तर शेवग्याचा, जास्वंदीची फुलं, थोडा लाल भोपळा. पालक नको, तो कॅल्शियम अडवून धरतो. लहानपणी किडे जास्त, मोठेपणी पाला जास्त. एवढंच. तरी मला वाटतं, इतकी सोपी गोष्ट माणसाला समजावण्याइतकं कठीण काही नसेल.

नागावच्या काशिनाथदादा पाटलांना मात्र ते एकदा सांगून समजलं होतं. म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहिते आहे. ज्यांनी ऐकलंच नाही त्यांच्यावरचा माझा राग केव्हाच जिरला.

दादा सत्तरीचे. मिठागरावरून मिठाचे ट्रक भरण्यापासून सुरुवात केली, पुढे स्वतःचे ट्रक झाले, आता थोरला मुलगा बघतो. धाकट्याने सरडा आणला आणि नोकरीसाठी तो पुण्याला निघून गेला. सरडा मागे राहिला. दादा पहिल्यांदा दुकानात आले ते शिव्या देतच. "हे काय ध्यान माझे गळ्यान बांधलंय गो ताई? कुत्रा न्हाय, मांजर न्हाय. कोणाचे अंगावर भुंकत पण न्हाय." पण त्यांनी त्याचं नाव शेरू ठेवलं होतं आणि टोपलीत त्याच्याखाली स्वतःचा धुतलेला टॉवेल अंथरला होता.

पुढे दर आठवड्याला ते स्वतः यायचे. कोणाला पाठवलं नाही. "कोंबडीचे पैसे घेतेस आन किडे देतेस," हे एक ठरलेलं वाक्य. ट्यूब वेळेवर बदलायचे. दगडावरचं तापमान मला पाठ म्हणून दाखवायचे, "एकेचाळीस होतं आज, जास्त तर न्हाय ना?" सकाळी ओटीवर चहा पिताना शेरू त्यांच्या खांद्यावर असायचा. येणारा-जाणारा बिचकला की दादा खूश. त्या पावसाळ्याच्या तोंडावर मी शेरूला काट्यावर ठेवलं तेव्हा तीनशे नव्वद ग्रॅम भरला. दीड वर्षाच्या प्राण्याला उत्तम. माझं त्यांच्यासारखं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

श्रावण लागला आणि दादा यायचे बंद झाले. मला वाटलं पावसामुळे असेल.

आले ते शेरूला टॉवेलात गुंडाळून. "हा कोपऱ्यान उकरत बसलाय. नखा तुटली तरी उकरतोच. आमचे गावान लोक बोलतात, पाऊस लय पडणार हाय म्हणून बीळ करतो."

मी शेरूला हातात घेतला. आधी वजन हाताला कळलं, मग काट्यावर दिसलं. तीनशे पंचवीस. मागच्या पायांची बोटं बारीक थरथरत होती. पोटावरून बोट फिरवलं तर आत जांभळाएवढ्या गोळ्या लागल्या, एकीला लागून एक.

"दादा, हा शेरू नाही. मादी आहे. पोटात अंडी आहेत."

दादांनी आधी माझ्याकडे, मग दुकानात आणखी कोणी आहे का ते पाहिलं. "नवऱ्याशिवाय?"

"कोंबडी देते की कोंबड्याशिवाय. तशीच. पिल्लं निघणार नाहीत, पण अंडी घालावी लागतातच. त्याच्यासाठी उकरतेय ती."

"श्रावणान? माझे घरान अंडी?"

मला हसू आलं होतं, ते मी आवरलं. कारण पुढचा प्रश्न विचारायचा होता. अंड्यांच्या कवचाला कॅल्शियम लागतं, ते ती कुठून काढते आहे ते थरथरणाऱ्या बोटांवरून दिसत होतं. मी विचारलं, "काय खाते आहे सध्या?"

"आम्ही खातो तेच. श्रावण लागला ना. घरान महिनाभर काय मरत न्हाय, मुंगी पण न्हाय. शेरू पण घरचाच. मग त्याचा पण श्रावण." सांगताना त्यांचा चेहरा प्रेमळ होता. "साबुदाण्याची खिचडी आवडीने खातो. शेंगदाणे काढून दिले तर जास्त. सोमवारी, शनिवारी उकडलेला बटाटा. बाकीचे दिवशी वरणभात."

आमच्या कोकणात कुत्र्याला श्रावणात मासळी न घालणारी घरं मी पाहिली आहेत. कुत्रा शेजारी जाऊन खाऊन येतो, घराचं पुण्यही राहतं. शेरू पेटीतून कुठे जाणार होती?

मी सगळं सांगितलं. साबुदाण्यात नुसता स्टार्च. शेंगदाण्यात फॉस्फरस, तो असलेलं कॅल्शियमही बाहेर काढतो. एरवी धडधाकट मोठा सरडा महिनाभर पाल्यावर निभावेल, पण हिच्या पोटात अंडी आहेत. "ओल्या वाळूची बादली द्या उकरायला. रातकिडे आजपासून सुरू करा. आणि ही पावडर, रोज. दोन दिवसांत अंडी घातली नाहीत तर पनवेलला डॉक्टरांकडे न्यायचं."

किडे त्यांनी हाताने बाजूला सारले. पावडरीची डबी उचलून उलटीसुलटी केली. "ही कशाची बनवतात?"

डबीवर लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, इंग्रजीत. दादांना वाचता येणार नव्हतं. मी म्हटलं, "शिंपल्यांची."

त्यांनी डबी खाली ठेवली.

"दादा, तुमच्या पानाचा चुना पूर्वी इथे शिंपले भाजूनच करायचे."

"म्हणून तर श्रावणान पान सोडतो," ते म्हणाले.

नवरा नंतर मला म्हणाला, "चुनखडीची म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" काही बिघडलं नसतं. कदाचित बरंच जुळलं असतं. पण मी जे विकते ते काय आहे हे विचारणाऱ्याला खरं सांगते, आणि त्या एका गोष्टीवरच माझं दुकान चालतं. त्या दिवशी तसं केल्याचं मला वाईट वाटतं आणि उद्या कोणी विचारलं तरी मी तेच सांगेन. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र राहतात, मी त्यांना समजावायला जात नाही.

मी शेवटचं म्हटलं, "मग तिला माझ्याकडे ठेवा. श्रावण सरू दे, मग बघू."

"सणासुदीला घरातला जीव बाहेर?" दादा म्हणाले आणि टॉवेल गुंडाळून निघाले. शेवग्याच्या पाल्याचं मात्र त्यांनी ऐकलं. तो त्यांच्या दारात होता आणि त्याला सोवळं-ओवळं नव्हतं.

पाच-सहा दिवसांनी काकींचा, म्हणजे दादांच्या बायकोचा फोन आला. मी स्कूटर काढून नागावला गेले. शेरू पेटीत पोट टेकून पडली होती, मागचे दोन्ही पाय मागे सुटलेले, ओल्या धुण्यासारखे. वर दिवा बरोबर, तापमान बरोबर, चाळीसला अर्धा अंश कमी. सगळं माझ्या सांगण्यासारखं. दादा शेजारी पाटावर बसले होते.

काकी मला बघून एकदम बोलल्या. "मी सांगितलेलं. वाडीन ने, माडाखाली घाल किडे. मी बघितलं न्हाय समजते. तर बोलतो कसा, तू न्हाय बघितलंस तरी देव बघतो. आता बघ म्हणावं देवाला."

"गप गो," दादा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

पनवेलच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, शिरेतून कॅल्शियम देऊ, सावरली तर ऑपरेशन करून अंडी काढू, लगेच आणा. थोरल्या मुलाने गाडी काढली. दादा पुढे बसायला तयार नव्हते. मागे माझ्याशेजारी शेरूला मांडीवर घेऊन बसले. काकींनी खिडकीतून त्यांच्या हातात एक छोटा डबा दिला. आत मी दुकानातून आणलेले रातकिडे होते, पावडर लावलेले. मी काकींकडे दिले होते ते त्यांनी नवऱ्याकडे दिले. दादांनी डबा घेतला. पोयनाड मागे पडल्यावर त्यांनी झाकण उघडलं, एक रातकिडा दोन बोटांत धरला आणि शेरूच्या तोंडाशी नेला. श्रावणातला सोमवार होता.

तिने डोळा उघडला. रातकिड्याकडे पाहिलंसुद्धा. पण जबडा उघडायला जे लागतं ते तिच्यात उरलेलं नव्हतं. दादा म्हणत राहिले, "खा गो बाय. खा. काय न्हाय होत. खा." तो रातकिडा त्यांच्या बोटांतून सुटून पायाखाली गेला. वडखळच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. ती सुटेपर्यंत शेरू गेली.

मुलाने गाडी वळवली. परत येताना दादांनी मला एकच विचारलं. "कशान गेली?"

मी कोणाच्या तोंडावर गोड बोलत नाही आणि तेव्हाही बोलले नाही. "उपासाने, दादा."

त्यानंतर ते मला काही बोलले नाहीत. लोकांशी बोलले. महिन्याभरात मला चार जणांकडून कळलं, की पाटलांचा सरडा माझ्या दिव्याने भाजला. तापमान जास्त होतं म्हणे. ज्या माणसाला एकेचाळीस जास्त तर नाही ना याची चिंता असायची त्याने हे सांगितल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? नागावकडची काही गिऱ्हाईकं सुटली. मी कोणाकडे खुलासा करायला गेले नाही. मेलेल्या प्राण्याचा दोष मालकाला पेलत नसेल तर तो दुकानदाराला द्यायची रीत मला नवी नाही. फरक इतकाच, की दादांकडून मला ती अपेक्षित नव्हती.

पुढच्या वर्षी श्रावण लागायच्या आदल्या दिवशी दादा आले. दुकानात नाही, घरी, मागच्या दाराने. हातात भोकं पाडलेली पेटी.

"नर हाय," ते म्हणाले. "डॉक्टरकडून बघून आणलाय. वरीस पुरा न्हाय झाला."

त्यांनी पेटी पायरीवर ठेवली.

"श्रावणभर तुझेकडं ठेव. गणपती गेले का नेतो. किडे घाल, पावडर घाल, काय घालायचं ते घाल. आमचे घरान न्हाय चालत, तुला म्हायती हाय."

"दादा, श्रावण माझ्याकडेही असतो. उद्यापासून मीही पाळणार आहे. आमच्याकडेही या महिन्यात अंडं फुटत नाही."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. चार हजार रातकिडे ओरडत होते. "तुझा धंदाच हाय गो तो," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुला न्हाय लागत."

मी पेटी आत घेतली. त्या पेटीतल्या प्राण्याने माझं काय वाकडं केलं होतं? दोनशे ऐंशी ग्रॅम, पाय सरळ, जबडा कडक. दादा या वेळी काही विसरले नव्हते.

त्यांनी ते गावात सांगितलं असावं, कारण त्यामागोमाग आणखी पेट्या आल्या. आता दर श्रावणात माझ्याकडे दहा-बारा सरडे असतात. आषाढातच मी रातकिड्यांची पैदास वाढवून ठेवते. सोमवारी मी पाण्यावर असते, आंघोळ करून महादेवाला बेल वाहते आणि मागच्या खोलीत येऊन रातकिडे पिशवीत घालते, पावडर टाकते, हलवते. दहा-बारा घरांतला श्रावण बिनडाग पार पडतो. एकही सरडा आजवर माझ्याकडे दगावलेला नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे हे मी लपवत नाही.

त्या पहिल्या वर्षी गणपती विसर्जन झाल्यावर दादा त्यांचा सरडा न्यायला आले. मी तो त्यांच्या हातात दिला. वजन सांगितलं, तीनशे चाळीस. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, गालाला गाल लावला. फार खूश होते. काकींनी उकडीचे मोदक पाठवले होते, केळीच्या पानात बांधून. मी हात पुढे केला. माझा हात धुतलेला होता, पण नखांच्या कडेला पांढरी पावडर राहतेच.

दादांनी हाताकडे पाहिलं, थोडे घुटमळले आणि प्रसाद पायरीवर ठेवला.